ओळ एकशे बेचाळीस

"चालून नाही राहिलं, ताई," करुणा म्हणाली.

पडद्याच्या तळाशी चार ओळी लाल अक्षरं उमटली होती. तिने वरचा बाण दाबून तीच आज्ञा परत आणली आणि एंटर मारलं. पुन्हा त्याच चार ओळी.

"आता?"

"आता सर पाहिजे होते," ती बोलून गेली, आणि मग माझ्याकडे बघून तिने ओठ मिटले.

मी बाबांच्या खुर्चीत बसले होते. करुणा त्या खुर्चीत बसायला तयार नव्हती. ती बाजूला लाकडी स्टुलावर, गुडघ्यावर कीबोर्ड घेऊन. खोलीत एसीची घरघर होती. खिडकीला काळा कागद चिकटवलेला, त्याच्या एका फाटक्या कोपऱ्यातून मे महिन्यातलं नागपूरचं ऊन टेबलावर पडलं होतं, रुपयाएवढं. त्या उजेडात बाबांच्या चष्म्याची डबी. तिला मी अजून हात लावला नव्हता.

बाबा, म्हणजे डॉ. प्रभाकर चिंतलवार, नऊ मार्चला सकाळी फिरून परत येताना गेले. गेटपाशी बसले ते उठले नाहीत. येत्या रविवारी त्यांच्या संशोधन संस्थेत श्रद्धांजली सभा होती, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की भाषणं कमी करा, सरांचा भोवरा फिरवा.

भोवरा हे आईने ठेवलेलं नाव. बाबा रक्तातल्या हिमोग्लोबिनवर काम करायचे. रेणू पडद्यावर दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याच्या आत पायथन भाषेत लिहिलेल्या सूचनांची फाइल चालवता येते. बाबांनी नऊ वर्षांपूर्वी तशी एक फाइल लिहिली होती. ती सुरू केली की हिमोग्लोबिनचा तो रंगीत गुंता सावकाश गिरकी घेई, एकेक थर बाजूला होई, नजर एका फटीतून आत शिरे, आणि तळाशी पिवळ्या रंगाचा एक चिमुकला रेणू बसलेला दिसे. सिकल सेलच्या आजारात हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. तो पिवळा रेणू त्या फटीत बसला तर चिकटणं थांबवता येईल, असं बाबांचं म्हणणं होतं. कॉन्फरन्स असो की आश्रमशाळा, बाबा भोवरा फिरवल्याशिवाय परत यायचे नाहीत.

करुणा मडावी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. मूळची एटापल्लीकडची, तेव्हा एकतीस वर्षांची. पाच वर्षं तिने त्या पिवळ्या रेणूला धरून काम केलं होतं. प्रबंध डिसेंबरातच बांधून गेला होता. सत्तावीस मेला तोंडी परीक्षा. ती झाली की डॉक्टर मडावी. त्यांच्या तालुक्यातून पहिलीच बाई.

"लाल अक्षरांत काय म्हणतंय ते?" मी विचारलं.

"एप्रिलमध्ये सगळ्या मशीन बदलल्या ना. सॉफ्टवेअर नवं आलं. सरांनी लिहिलंय जुन्या पायथनमध्ये. त्यात पडद्यावर वाक्य छापायचं तर नुसतं प्रिंट म्हणून पुढे वाक्य लिहिलं की झालं. नव्याला वाक्याभोवती कंस लागते. नाही दिला तर अडून बसते."

"इतकंच?"

"इतकंच. पण सरांची वाक्यं किती पाहा ना. त्रेसष्ट! असा बोलका प्रोग्राम कोणी लिहीत असते का?"

"दे इकडे," मी म्हणाले. "हे माझं काम आहे."

सोळा वर्षं मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. पायथन मला येत नव्हतं, आजही येत नाही. पण ओळीमागून ओळ, काही न गाळता वाचायची सवय आहे.

बाबांनी मराठी रोमन अक्षरांत लिहिली होती, जुनं मशीन देवनागरी घेत नसे म्हणून. आणि कुठेही जागा सोडलेली नव्हती. दोनशे तीस ओळी, एकाला एक चिकटून, श्वास घ्यायला फट नाही. पोस्टकार्डंही ते तशीच लिहीत. पत्त्याच्या रेघेपर्यंत मजकूर नेऊन उरलेलं समासात आडवं. आई एकदा म्हणाली होती, "अहो, कॉम्प्युटरात तर कागद नाही ना, तिथे तरी एखादी ओळ मोकळी सोडा." बाबा म्हणाले होते, "हात वळत नाही गं."

मी कंस घालत गेले. वाक्याच्या आधी एक, वाक्याच्या नंतर एक.

थांबा. घाई नको.

हा दरवाजा नाही, ही फट आहे. अंग चोरून या.

डोकं खाली करा, नाहीतर वरच्या साखळीला लागेल.

मागच्या बाकावरचे, झोपले का?

"शेवटचं काय हे?" मी विचारलं.

करुणा हसली. "ते आश्रमशाळेसाठी. त्या वाक्यावर पोरं अशी दचकत, ताई! त्यांना वाटे मशीनला दिसते आपण झोपलो ते."

मी हसले नाही. बाबांचा आवाज अगदी कानाशी होता. त्या दिवसांत तो तसा कुठेही यायचा. दुपारी घरात कूलर चालू असला की त्या आवाजात मला त्यांचं खाकरणं ऐकू येई. इतकं स्पष्ट की मी 'ओ' द्यायची आणि आई दुसरीकडे बघायची. नुसता कूलर ऐकायचा म्हटलं तर जमत नसे.

मध्येच आकड्यांचा एक गठ्ठा लागला. सहा ओळी, प्रत्येक ओळीत तीन आकडे, दशांशचिन्हापुढे लांबच लांब.

"याला कंस नको ना?"

"नको नको, त्याला हात नका लावू. ती नजर आहे."

"कोणाची?"

"पाहणाऱ्याची. तो कुठे उभा आहे, किती लांब आहे, मान किती कलली आहे, सगळं त्या अठरा आकड्यांत. सर माउसने फिरवत बसायचे, अर्धा अर्धा तास. मनासारखं दिसलं की म्हणायचे, करुणा, हलू नको, आणि आकडे उतरवून घ्यायचे. जसं काही मी हलले तर रेणू हलणार होता."

"म्हणजे बाबा इथे उभे होते."

"हो ना. चालवलं की आपण सरांच्याच डोळ्याने पाहतो."

मी ते अठरा आकडे एकदा वाचले. मुद्रितात आकडे वाचतात तसे, बोट ठेवून.

साडेतीनला करुणा उठली. "चहा आणते. आणि आलूबोंडा. तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नसेल, काकूंचा मला फोन होता."

"आईला काय सगळं कळवतेस?"

"त्याच विचारतात, बाप्पा. मी काय करू?"

ती गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज उतरत गेला. मी कंस घालत राहिले. एकशे बेचाळिसाव्या ओळीपाशी जरा थांबले. मग पुढे गेले, शेवटच्या वाक्यापर्यंत. ती परत आली तेव्हा त्रेसष्टच्या त्रेसष्ट झाली होती.

"झालं?"

"चालव."

तिने हात पुसले, आज्ञा लिहिली. या वेळी लाल काही आलं नाही.

पडदा काळा झाला. मग मधोमध तो गुंता उगवला, लाल, निळा, पुन्हा लाल, पुन्हा निळा, आणि सावकाश फिरू लागला. तळाशी बाबांची वाक्यं एकेक करून येऊ लागली. थांबा. घाई नको. थर बाजूला झाले. नजर खाली वाकली. मीही खुर्चीत वाकले, हे नंतर लक्षात आलं. फट आली. डोकं खाली करा. आणि आत, अंधारात, पिवळा रेणू. त्याच्याभोवती निळ्या रेघांची बारीक जाळी, अंगाला बेतून शिवलेल्या झबल्यासारखी.

पाहा कसा बसलाय. घरच्यासारखा.

मग काहीच आलं नाही.

"अडकलं?"

"नाही. इथे आठ सेकंद थांबते. सर इथे बोलायचे नाहीत. म्हणायचे, लोकांना पाहू दे."

आम्ही ती आठ सेकंदं पाहिली. एसी घरघरत होता. माझ्या डाव्या खांद्यामागे कोणीतरी उभं आहे आणि तेही बघतंय, असं वाटत होतं. वळले नाही.

फोन वाजला. आई.

"फिरला का गं भोवरा?"

"फिरला."

"नीट फिरला? मध्ये थांबतो ना, तिथे थांबला?"

"थांबला, आई."

"बरं," आई म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, "तिथे थांबले की ते माझ्याकडे बघायचे. शंभरदा पाहिलंय मी ते, तरी बघायचे." आणि फोन ठेवला.

करुणाने माझ्यापुढे आलूबोंडा सरकवला. मी तो हातात घेतला आणि विचारलं, "ही निळी जाळी काय आहे?"

"तोच तर पुरावा, ताई. रेणू काही कोणाला दिसत नाही. स्फटिकावर क्ष-किरण सोडायचे, त्यावरून हिशेब करून इलेक्ट्रॉन कुठे दाट आहेत ते काढायचं. जिथे दाट, तिथे जाळी. जाळीत जो रेणू बसतो तो आपण बसवतो. पिवळी काडी आपली, निळी जाळी निसर्गाची."

"मग ती इतकी अंगालगत कशी? बाकी सगळीकडे काळं."

"ते या शब्दामुळे." तिने फाइल वर सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "कार्व्ह. म्हणजे कोरायचं. रेणूपासून इतक्या अंतरातली जाळी दाखव, बाकीची काप. नाहीतर चित्र गचाळ दिसते. सगळेच करतात."

"आणि कापलं नाही तर?"

"नाही तर काय, सगळीकडे जाळ्या."

"बघू या."

"काऊन?"

"असंच. बाबांनी काय कापलं ते बघू."

"तुम्ही पण ना," ती हसली. "प्रूफवाल्या." तिने तो शब्द आणि त्यापुढचा आकडा पुसला आणि फाइल पुन्हा चालवली.

गिरकी. थर. फट. डोकं खाली करा. आणि मग पडदा निळा झाला. जाळीच जाळी. रेणूभोवती होती तशीच फटीच्या तोंडाशी, वर, खाली, जिथे काही नाही तिथेही. पाहा कसा बसलाय, असं तळाशी उमटलं. पिवळा रेणू कुठे आहे ते मला शोधावं लागलं. झुडपात अडकलेल्या पतंगाच्या काड्या दिसाव्यात तसा तो दिसत होता.

करुणा हसायची थांबली होती.

"किती दाट असलं की जाळी दाखवायची ती पातळी सरांनी फार खाली ठेवली आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणून कचरा दिसतोय. वर नेते."

तिने आकडा बदलला. जाळी विरळ झाली. आणखी बदलला. आणखी विरळ. हिमोग्लोबिनच्या साखळीवरची जाळी हलली नाही. घट्ट होती, अंगाला धरून. रिकाम्या जागेतली जाळी वितळत गेली. आणि तिच्याबरोबरच, तितक्याच सहज, पिवळ्या रेणूवरचीही. शेवटी तो काळ्या अंधारात नुसता लटकत राहिला. अंगावर एक धागा नाही.

तिने पातळी खाली आणली. पुन्हा वर नेली. चार वेळा, पाच वेळा. मग कीबोर्ड टेबलावर ठेवला, अगदी अलगद, झोपलेलं मूल ठेवतात तसा.

"तिथे काही नाही, ताई."

मी हातातला आलूबोंडा खाली ठेवला.

"कचऱ्यातून त्याच्या आकाराचा तुकडा कापला, म्हणून तो तिथे बसल्यासारखा दिसत होता. कुठूनही कापला असता तरी बसला असता." ती पडद्याकडेच बघत होती. "पाच वर्षं मी हीच फाइल चालवून राहिले. चित्र आलं की सेव्ह. प्रबंधात अकरा चित्रं आहेत. एकदा, एकदाही हा शब्द काढून पाहिला नाही. सरांचा भोवरा, त्यात काय पाहायचं!"

"करुणा..."

"सोळा रेणू बनवले मी याच्यावरून. एक धड चिकटला नाही. सर म्हणत, धीर धर. मला वाटे माझ्या हातात खोट आहे." ती थांबली. "देवाजी विचारायचा, झाली का गं तुझी दवा? मी म्हणायची, होऊन राहिली."

देवाजी तिचा धाकटा भाऊ. सिकल सेलने फेब्रुवारीत गेला होता.

बाहेर कोणीतरी बादली घासत नेली. ऊन टेबलावरून सरकून चष्म्याच्या डबीवर आलं होतं.

"आता अकरा दिवस राहिले," ती म्हणाली. "बोलले नाही तर कोणालाच कळणार नाही. परीक्षक चित्रंच पाहणार." तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदा. "आणि बोलले तर सरांचं नाव जाईल. जर्नलात छापलेला तो पेपर त्यांचा आहे."

"मला विचारतेस?"

"नाही. सांगून राहिले." मग हळू आवाजात तिने विचारलं, "ताई, सरांना हे माहीत होतं का?"

मी खुर्चीचा हात धरला होता. तिथलं रेक्झिन बाबांच्या कोपराने झिजून आतला काथ्या बाहेर आला होता, तो बोटाला लागत होता.

"माहीत असतं तर बाबांनी सगळ्यात आधी तुला सांगितलं असतं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. दोन-तीनदा. मग चहा प्यायली. तो केव्हाच गार झाला होता.

रविवारी सभागृह भरलं होतं. करुणाने भोवरा दोनदा फिरवला. पहिल्यांदा बाबांचा, जसाच्या तसा. लोक आठ सेकंद गप्प बसले, मागे कोणी डोळे पुसले. मग तिने तो एक शब्द काढला आणि पुन्हा फिरवला, पातळी वर नेली, आणि जे होतं ते सांगितलं, बोर्डावर गणित सोडवून दाखवावं तसं. पुढच्या रांगेतले डॉ. राजहंस, बाबांचे वीस वर्षांचे सहकारी, बसल्या जागेवरूनच बोलले. "श्रद्धांजली आहे ही, मडावी. गेलेल्या माणसाला असं उघडं पाडायचं असतं?"

करुणाने माइक जवळ घेतला. ती राजहंसांकडे बघत नव्हती, पहिल्या रांगेत माझ्याकडे बघत होती.

"सरांना माहीत असतं," ती म्हणाली, "तर त्यांनी सगळ्यात आधी मला सांगितलं असतं."

आईचा हात माझ्या हातात होता, तिने माझी बोटं दाबली. तिला ते वाक्य फार आवडलं. पुढे कितीतरी दिवस ती ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

सत्तावीस मेची परीक्षा झाली नाही. जर्नलने सूचना छापून पेपर मागे घेतला. त्या सूचनेखाली बाबांच्या नावापुढे 'दिवंगत' असं लिहिलं होतं. काही लोक आमच्याकडे यायचे थांबले. करुणाने आणखी अडीच वर्षं काम केलं आणि तो रेणू तिथे का नाही यावरच प्रबंध लिहिला. मग चंद्रपूरजवळच्या एका कॉलेजात लागली. दिवाळीला फोन करायची. आई गेली तेव्हा दोन दिवस येऊन राहिली.

मागच्या डिसेंबरात तिने मला कॉलेजात बोलावलं. "पोरांना तुमच्या हातून काहीतरी वाटायचं आहे," असं कारण सांगितलं. वाटायचं काहीच नव्हतं. वीस मुलं होती, दहा मशीन, आणि ती त्यांच्याकडून भोवरा फिरवून घेत होती. जोडीजोडीने. प्रत्येकाने स्वतः तो शब्द काढायचा, पातळी वर न्यायची. कोणाच्या पडद्यावरून रेणू आधी उघडा पडतो याची त्यांच्यात शर्यत लागली होती. मागच्या बाकावरचे, झोपले का, या वाक्याला दहाही मशीनसमोर हसू फुटलं.

मुलं गेली. करुणाने एक मशीन चालू ठेवलं होतं. तिने फाइल उघडली आणि खाली नेत नेत एका जागी थांबली.

"इथे या, ताई."

मी गेले. जवळचा चष्मा लावला.

"सर कधी ओळ मोकळी सोडत नव्हते," ती म्हणाली. "माझ्याकडे त्यांच्या छत्तीस फाइली आहेत. सगळ्या पाहिल्या. कुठेच नाही. या एकाच जागी आहे. एकशे बेचाळीस. त्या कार्व्हच्या बरोबर वर."

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"कधी दिसली तुला?"

"सभेच्या आदल्या दिवशी."

"शनिवारी?"

"हो."

"मग रविवारी तसं का म्हणालीस? सगळ्यांसमोर?"

"तुम्ही पहिल्या रांगेत बसल्या होत्या ना," करुणा म्हणाली. "काकूंचा हात धरून."

मी स्टूल ओढून बसले. ती काही विचारत नव्हती. सात वर्षं तिने विचारलं नव्हतं. कर्सर त्या रिकाम्या ओळीच्या सुरुवातीला उघडझाप करत होता.

"तू चहाला गेली होतीस तेव्हा," मी म्हणाले. "अक्षरं पुसली. ओळ मिटवायची राहिली."

"काय होतं?"

मशीनने वाचू नये, माणसाने वाचावी अशी ओळ लिहायची असेल तर तिच्या आधी एक खूण घालतात. त्या संपूर्ण फाइलीत तशी खूण एकदाच होती. मी ती ओळ कधी कागदावर उतरवली नाही. गरज पडली नाही.

"चौदा जानेवारी," मी म्हणाले. "जाळी न कोरता पाहिली. तिथे काहीच नाही. करुणाला सांगायचं आहे."

मला वाटलं, आता ती उठून जाईल. मी घाईने बोलू लागले. की त्यांना माहीत होतं, दोन महिने माहीत होतं, तुझा प्रबंध जाऊन पडला होता आणि ते गप्प बसले. लोकांनी हे वाचलं असतं तर... की मला बाबांचं नाव राखायचं होतं, तेवढं राखलं आणि बाकीचं कापलं...

"चौदा जानेवारी म्हणजे संक्रांत," करुणा म्हणाली.

"हो."

"संक्रांतीला सर होस्टेलवर आले होते. भर दुपारी. पाच वर्षांत कधी आले नाहीत, त्या दिवशी आले. हातात तिळगुळाची पुडी." ती पडद्याकडे बघत बोलत होती. "त्याच सकाळी फोन आला होता की देवाजीला ॲडमिट केलं. मी सामान भरत होते. सर गेटजवळच्या बाकावर अर्धा तास बसले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. पुडी नुसती या हातातून त्या हातात करत होते. मी म्हटलं, सर, देवाजीचं असं झालं. तर पुडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, तू जा. आल्यावर बोलू. मी आले पाच मार्चला, सगळं आटोपून. तर म्हणाले, आधी झोप चार दिवस."

चार दिवसांनी नऊ तारीख होती.

"मला वाटलं, प्रबंध वाचून सर माझ्यावर नाराज झाले," ती म्हणाली. "तेच सांगायला आले होते आणि माझी अवस्था पाहून परत गेले. सात वर्षं मी तेच धरून आहे, ताई. कोणी चांगलं म्हटलं की मला ती पुडी आठवते. या हातातून त्या हातात."

त्या खोलीत एसी नव्हता, कूलर नव्हता, कसलाच आवाज नव्हता. बाबा खाकरले नाहीत.

करुणाने कीबोर्ड गुडघ्यावर घेतला, पूर्वीसारखा. रिकाम्या ओळीच्या आरंभी ती खूण घातली.

"सांगा," ती म्हणाली. "सरांनी लिहिलं होतं तसंच. रोमनमध्ये."

मी एकेक अक्षर सांगत गेले. तारीख. जाळी. तिथे काहीच नाही. तिचं नाव सांगताना मी थांबले, तिने ते स्वतःच लिहिलं. ओळ भरली. वरची आणि खालची ओळ तिला येऊन भिडल्या आणि फाइल बाबांच्या पोस्टकार्डासारखी झाली, कुठेही फट नसलेली.

"शेवटी पूर्णविराम होता का, ताई?"

"नव्हता," मी म्हणाले.